तीन हाका

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ताई,

मी एका अनोळखी आजीबाईंच्या कवळीत तुझे दात लावले. ही गोष्ट आज सकाळी अकराच्या सुमाराला मास्तरांनी पक्की केली.

घाबरू नकोस, दात प्लास्टिकचेच आहेत. आमच्या लॅबमध्ये कवळीसाठी दातांचं पाकीट तयार येतं, सगळे सरळ आणि शहाणे. ते मेणात कसे उभे करायचे, कुठला किंचित पुढे, कुठला तिरका, हे मात्र करणाऱ्याच्या हातात असतं. दातांच्या डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: सरळ रांग, फट नको. मी लावले ते असे: पुढच्या दोघांत फट, डावीकडचा दुसरा अर्धा आत वळलेला, उजवा सुळा वर चढलेला. पक्की करण्याआधी मेणातली कवळी माणसाच्या तोंडात घालून बघतात. आजीबाई म्हणे आरशात बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हसू छान आहे हो. पण माझं नाही. कुणाचं आहे?"

डॉक्टरांनी ती परत पाठवली. मास्तर म्हणजे आमचे मालक, ज्यांच्या हाताखाली मी शिकले. त्यांनी फळीवरून एक जुना साचा काढला, धूळ फुंकली आणि कवळीच्या शेजारी खिडकीत ठेवला. शिकत असताना सरावासाठी मी तुझ्या तोंडाचं माप घेतलं होतं, त्याचा साचा. तुला उमासे आले होते आणि तू म्हणाली होतीस की यापुढे मी उपाशी मरेन पण तुझ्यासमोर तोंड उघडणार नाही.

"ही तुझी बहीण ना?" मास्तर म्हणाले.

"हो."

"हं," म्हणाले आणि साचा परत जागेवर ठेवला.

आमच्याकडे दातांच्या तारा वळवणारी एक आहे, तिला सगळे चिमटी म्हणतात. ती म्हणाली, "बरं झालं बहिणीचे लावलेस. माझ्या सासूचे लावले असतेस तर म्हातारी डॉक्टरांनाच चावली असती." सगळे हसले. मीही हसले असणार.

तुला हसू यावं म्हणून हे लिहिलं. फोन केला असता, पण तुझा नंबर मावशीनं दिला नाही, फक्त रोपवाटिकेचा पत्ता दिला. तिला तू शपथ घातली असशील. आई गेली तेव्हा दीड दिवस आलीस आणि आपण चार वाक्यं बोललो, त्यातली दोन खुर्च्यांबद्दल होती. त्याला दोन वर्षं झाली.

माझी तब्येत उत्तम आहे. झोप जरा कमी झालीय, पण कामाच्या दिवसांत तसं होतंच. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

धाकटी


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रात 'तब्येत उत्तम' असं लिहिलं होतं, ते खोडून वाच.

त्या दिवशी सगळे जेवायला बसले तेव्हा मास्तरांनी मला खिडकीशी बोलावलं.

"हात चुकलेला नाही तुझा," ते म्हणाले. "हात इतका बरोबर चाललाय की मला भीती वाटते. सात वर्षांपूर्वीचा साचा, न बघता, केसाएवढाही फरक नाही. त्या वेळी डोकं कुठे होतं?"

"माहीत नाही."

"किती तास झोपतेस?"

"होते झोप."

"होते का नाही ते नाही विचारलं. तास विचारले."

मी म्हटलं, दोन. कधी अडीच. त्यांनी विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, पावणेदोन महिने. खरं तर उन्हाळ्यापासून, पण मास्तरांचा चेहरा बघून मी कमी करून सांगितलं.

"आजपासून भट्टीजवळ जायचं नाही, घासायची चक्री चालवायची नाही. आणि परवा माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. नाही आलीस तर मी भांडीन, आणि मी भांडलो की काय होतं ते चिमटीला विचार."

चिमटी पलीकडून ओरडली, "काही होत नाही! मास्तर रडतात!"

काल गेले. या डॉक्टरबाई मनाच्या आजारांच्या आहेत. पाटीवर तसं ठळक लिहिलंय, म्हणून मी दोनदा दारावरून पुढे गेले. दुसऱ्यांदा मास्तरांनी पिशवीचा पट्टा धरला. मला वाटलं होतं, झोपेची गोळी लिहून देतील आणि पाच मिनिटांत सुटू. मी तसं म्हणालेसुद्धा. त्या म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या मुली माझ्याकडे येतात त्या झोपेची गोळी मागायलाच येतात. रडायला यायचं कुणालाच नसतं." मग पाऊण तास प्रश्न विचारले. भूक, आंघोळ, काम, कुणाशी बोलावंसं वाटतं का, शेवटचं मनापासून केव्हा हसलात. प्रत्येकाला मी 'बरं आहे' म्हणत होते आणि त्या प्रत्येक वेळी 'म्हणजे कसं?' म्हणत होत्या.

आजाराचं नाव नैराश्य. झोप जाणं हे त्याचं बाहेर दिसणारं टोक आहे, असं त्या म्हणाल्या. वर्तमानपत्रात वाचलेला शब्द आपल्या कागदावर बघताना वाटलं, शेजारच्या खुर्चीवरच्या कुणाचा तरी कागद चुकून माझ्या हातात आला.

आता मुद्द्याचं. त्यांनी विचारलं, "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का?" मी म्हटलं, येतं. त्यांनी विचारलं, "स्वतःला काही करावंसं वाटतं?" मी म्हटलं, नाही, नुसतं नसावं असं वाटतं. हे खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही, आवाज बदलला नाही, पुढचा प्रश्न विचारला: "घरी कोण असतं?"

मी म्हटलं, "माझी ताई."

कोणी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथेच ठेवून घेतलं असतं, अशी मला भीती वाटली. म्हणून तोंडातून गेलं. मास्तर बाहेर बसले होते.

त्यांनी दोन आठवड्यांपुरती थोडी औषधं दिली. एक दिवसाआड तिथली सिस्टर फोन करते. गुरुवारी, २० तारखेला, सकाळी साडेदहाला ताईला घेऊन या, असं सांगितलंय. तेव्हा मोठं औषध सुरू करायचं. त्यानंतरचे तीन आठवडे घरात कुणीतरी हवंच, गोळ्या त्यांच्या ताब्यात देईन, म्हणाल्या.

तुला फक्त अर्धा तास यायचंय. माझ्याकडे राहतेस असं म्हणायचं, बाकी मी बोलेन. संध्याकाळच्या बसने परत जा.

धाकटी


सोमवार, १० नोव्हेंबर

ताई,

डॉक्टरबाईंनी एक तक्ता दिलाय. रोज किती वाजता पडलात, किती वाजता झोप लागली, किती वाजता जाग आली, दिवसा कुठे डोळा लागला. चार दिवस भरला. झोप मला येते, पण गादी सोडून सगळीकडे येते. बसमध्ये येते. लॅबच्या मागे प्लास्टरची पोती आहेत, त्यांच्यावर जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं मेल्यासारखी लागते. चिमटी उठवायला येते आणि माझ्या गालावरचं प्लास्टर बघून म्हणते, "आज पावडर चांगल्यातली लावलीस." गादीवर पडलं की मात्र डोळे टक्क उघडे.

आणि फक्त झोपेचं असतं तर चाललं असतं. सकाळी पाणी गरम करायला ठेवते, गॅस बंद करते, कप पुसून परत फडताळात ठेवते. चहा घेतलाच नाही हे दुपारी डोकं दुखायला लागलं की कळतं. केस अकरा दिवस विंचरलेले नाहीत. लॅबमध्ये टोपी असते, कुणाला दिसत नाही. परवा शेजारीण दारात येऊन तिच्या मुलीला पहिला नंबर मिळाल्याचं सांगत होती. मला कळत होतं की आता इथे आनंद दाखवायचा असतो. मी तो शोधत होते, किल्ली शोधतात तसा. तोवर ती गेली.

तक्ता भरताना हात थांबला. असा तक्ता मी आधी भरलेला आहे.

तुझं माझ्या उलट होतं. तू झोपायचीस. चौदा तास, सोळा तास. आणि मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने तुझ्या उठण्याच्या वेळा लिहायचे. ११.२०. १२.०५. २.४०. आई शिवणाच्या दुकानातून आली की चप्पल काढता काढता ओरडायची, "महाराणी किती वाजता उठल्या आज?" आणि मी बातम्या देतात त्या आवाजात वाचून दाखवायचे. एकदा मावशीकडच्या पाहुण्यांसमोर अख्खा महिना वाचला. सगळे पोट धरून हसले. तूही हसलीस. ते हसणं कसलं असतं ते मला आता कळतंय. मी रोज तेच हसते.

डॉक्टरबाईंना तुझं थोडं सांगितलं होतं. नाव न घेता, 'घरात एकीला असं झालं होतं' असं. त्या म्हणाल्या, "झोप न लागणं आणि झोपेतून निघता न येणं, दोन्ही एकाच आजारात होऊ शकतं. तेव्हा त्यांना कुणाला दाखवलं होतं का?"

मी म्हटलं, "पाहुण्यांना."

त्यांना कळलं नाही. त्यांनी 'नाही' असं लिहून घेतलं.

कॅलेंडरबद्दल मला माफ कर. गुरुवारच्या अर्ध्या तासाशी याचा संबंध नाही. हे वेगळं आहे. तुझं उत्तर आलं नाही तर मी समजून घेईन. समजून घेईन असं लिहिलंय खरं, पण टपाल येण्याच्या वेळेला मी जिन्यात जाऊन उभी राहते.

धाकटी


गुरुवार, १३ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी जिन्यातच वाचलं. मग वर आले, दार लावलं आणि परत वाचलं. इथे उतरवून काढते, म्हणजे मला खरं वाटेल.

'तुझी दोन पत्रं पोचली. गुरुवारी येते. अर्ध्या तासासाठी नाही, तीन आठवड्यांची रजा टाकलीय. रोपांना पाणी घालायला इथे दुसरी मुलगी आहे. डॉक्टरांसमोर मी खोटं बोलणार नाही, तुझ्याकडे खरंच राहीन, म्हणजे प्रश्नच नाही. तुमचा सगळ्यांचा राग आहे, तो आहेच. पण त्या मुलाखतीच्या सकाळी तू तीन हाका मारल्या होत्यास, शेवटी तोंडावर पाणी शिंपडलंस, तरी मी उठले नाही. त्या अख्ख्या वर्षात मला उठवायला आलेलं माणूस तू एकटीच. ते मी विसरलेले नाही. पुढची खोली झाडून ठेव. मला धुळीची शिंक येते.'

खोली झाडली. खिडकीच्या जाळीला साबण लावला. तुझ्यासाठी नवी उशी आणली, जुनी कडक झालीय. दुकानदाराने विचारलं, कशी हवी, मऊ की भरीव, आणि मला तुझी आवड आठवेना, म्हणून दोन आणल्या. चिमटीला सांगितलं, ताई येतेय. ती म्हणाली, "दात तेच आहेत ना? मग मी ओळखीन."

तीन आठवडे म्हणजे फार झालं. रजा मिळाली ना नीट?

त्या सकाळचं लिहायची गरज नव्हती. जुनं झालं ते.

धाकटी


शनिवार, १५ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं आहे. गुरुवारी तुझं उत्तर आलं तेव्हा वाटलं होतं, आज झोप लागेल. तक्त्यावर त्या दिवशीचा आकडा शून्य आहे. काल एक तास.

त्या सकाळी आई म्हणाली, "नको उठवू तिला. एकदा कळू दे." म्हणून मी

वरचं वाक्य खोटं आहे. आई आता नाही, ती येऊन 'मी असं कधी म्हटलं?' म्हणून विचारणार नाही, म्हणून लिहून टाकलं. आई त्या दिवशी पहाटेच्या गाडीने माल आणायला गेली होती. तिला काही माहीत नव्हतं. खोडत नाही, तसंच ठेवते. मी कशी आहे ते तुला दिसू दे.

आता खरं लिहिते.

शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी होती, मुलाखत नऊला. आदल्या संध्याकाळी तू स्वतः कपड्यांना इस्त्री केलीस. कित्येक महिन्यांत तू पहिल्यांदा इस्त्री हातात घेतली होतीस. कपडे खुर्चीवर ठेवलेस आणि मला म्हणालीस, "सहाला उठव. नाही उठले तर ओढून काढ. शिव्या घातल्या तरी ऐकू नकोस. मी तुझ्यावर सोडून झोपतेय."

मी सहाला उठले. तुझ्या दारात येऊन उभी राहिले. तू कुशीवर होतीस, एक हात गालाखाली. हाक माझ्या ओठांवर होती. आणि मला वाटलं, हिला एकदा चांगलं कळू दे. मी रोज साडेपाचला उठून घर आवरून क्लासला जाते आणि ही अशी. एकदा हातातलं काही गेलं की आपोआप सुधारेल. मी दार लोटून घेतलं, हळू, कडी वाजू नये म्हणून. मग स्वयंपाकघरात बसून नाश्ता केला. तोही आठवतो, भूक चांगली लागली होती.

तू सव्वानऊला बाहेर आलीस. "उठवलं नाहीस?"

मी म्हटलं, "तीन हाका मारल्या. तिसऱ्या वेळी पाणी शिंपडलं तोंडावर. तू कूस बदललीस."

तू आत गेलीस, उशीला हात लावून बघितलंस. परत आलीस. "कोरडी आहे."

"वाळली," मी म्हटलं. "किती वेळ झाला त्याला."

आणि तुला पटलं. तुझा चेहरा मी बघितला, ताई. पाण्यानेही आपण उठत नाही, हे तुला पटलं. त्या दिवसापासून तू बसून झोपायला लागलीस, भिंतीला टेकून. दोन घड्याळांचे गजर लावून मध्येच दचकून उठायचीस. महिन्याने घर सोडलंस. मावशी म्हणाली, कॅलेंडरमुळे गेली. मीही मानेने हो म्हटलं. कॅलेंडर आईचं आणि माझं मिळून होतं. सकाळ माझ्या एकटीची होती.

सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंनाही नाही. त्या कवळीच्या वेळी डोकं कुठे होतं, असं मास्तरांनी विचारलं होतं. बहुतेक तुझ्या दारात उभं होतं. उन्हाळ्यापासून ते तिथेच उभं राहतं.

तू माझ्याकडे त्या तीन हाकांसाठी येते आहेस. त्या मी मारलेल्याच नाहीत. हे न सांगता तुला घरात घेतलं असतं, तुझ्या हातून गोळ्या घेतल्या असत्या, तर बरी होऊनही मी बरी झाले नसते. म्हणून आधी सांगितलं. आता तुला यावंसं वाटेल का, ते तू ठरव.

नाही आलीस तर मी... नाही, हे वाक्य पुरं करत नाही. ते पुरं करणं म्हणजे तुला दोरी बांधून आणणं. माझी सोय मी करते. तुझी रजा तू तुझ्यासाठी वापर.

धाकटी


सोमवार, १७ नोव्हेंबर

ताई,

शनिवारचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीजवळ दहा मिनिटं उभी होते. पत्र बाहेर काढता येतं का बघत होते. येत नाही. तोंड फार अरुंद असतं.

सोय करते म्हटलं होतं, ती केली. आज सिस्टरचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं की मी एकटी राहते.

"एकट्या?" ती म्हणाली. "मग मी दर वेळी ताईंना फोन द्या म्हटलं की त्या आंघोळीला गेलेल्या असायच्या, त्या कोण?"

"कोणी नाही."

"मला वाटलंच. कधीही फोन करा, आंघोळीलाच असणाऱ्या बाईला मला एकदा बघायचंच होतं."

मग डॉक्टरबाई फोनवर आल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "खोटं बोललात ते समजलं. आज खरं का सांगितलंत ते सांगा." मी त्यांना सगळं सांगितलं, दारापासून उशीपर्यंत. लॅबच्या मागच्या गल्लीत, पोत्यांवर बसून. चिमटीने तिकडे कुणाला येऊ दिलं नाही. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही चुकलात. मोठी चूक केलीत. मी नाही म्हणणार नाही. पण आजाराला असं काही सापडलं की तो रोज तेच वाढतो ताटात. चूक तुमची आहे, रोजची शिक्षा आजाराची आहे. दोन्ही वेगवेगळी बघायला शिकू."

मला हे पूर्ण पटलेलं नाही. पण 'नाही म्हणणार नाही' हे ऐकून बरं वाटलं. त्या 'छे छे, तुमचा काही दोष नाही' म्हणाल्या असत्या तर मी परत गेले नसते.

गुरुवारपर्यंत एकटं राहायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणून मी मास्तरांकडे आले आहे. मास्तरांच्या बायकोने कारण विचारलं नाही, ताट वाढलं आणि म्हणाली, "हे घोरतात. तुला झोप येत नाही ते बरंच आहे, ऐकायला माझ्याबरोबर कुणीतरी झालं." काल रात्री घरीच मी साडेतीन तास झोपले होते. तक्त्यावर लिहिलं, आणि मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, जणू मी परीक्षेत पास झाले.

आजीबाईंची कवळी मास्तरांनी स्वतः लावली, सरळ रांग, फट नाही. त्यांना पसंत पडली.

तू आली नाहीस तर डॉक्टरबाई मला तिथेच दोन आठवडे ठेवतील. एक खाट धरून ठेवलीय. मी हो म्हटलंय, सहीपण केलीय. हे तुला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही. काळजी वाटू नये म्हणून लिहितेय. तुझ्यावाचून अडलेलं नाही. तू यावंस असं मला वाटतं, ते वेगळं.

धाकटी


बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपार

ताई,

हे पत्र टपालाने पोचणार नाही. उद्या हातात देईन.

काल साडेचारला लॅबचा फोन वाजला. मास्तरांनी घेतला. मी समोरच होते, मेण वितळवत होते, एवढंच काम मला सध्या आहे. ते 'हो', 'हो', 'बरं', 'लिहितो' म्हणत होते आणि दातांच्या मापाच्या फॉर्ममागे लिहीत होते. ठेवला फोन आणि कागद माझ्यापुढे धरला.

"तुझी बहीण होती. म्हणाली, एकेक शब्द लिहून घ्या."

मास्तरांचं अक्षर, त्यावर प्लास्टरच्या अंगठ्याचा ठसा:

'तिचं शनिवारचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून मी कुंड्या फोडल्या, दोन. गुरुवारी येतेय. स्टँडवर येऊ नको म्हणावं. दवाखान्याच्या दारात भेटू. माझ्याशी आपणहून बोलायचं नाही. माफी मागायची नाही, मला आत्ता ऐकायची नाहीये. डॉक्टरांचं ऐकेन, मग राहायचं की नाही ते मी ठरवीन, तिनं विचारायचं नाही. माझा आवाज असा येतोय तो सर्दीमुळे.'

"शेवटचं लिहायचं होतं की नाही ते कळलं नाही," मास्तर म्हणाले. "पण एकेक शब्द म्हणाली होती."

चिमटी मागून डोकावून वाचत होती. "कुंड्या कुठल्या, रिकाम्या की झाडासकट?" मास्तरांनी तिला हाकलली. ती दोन मिनिटांनी परत आली आणि फणी माझ्या मांडीवर टाकून गेली. संध्याकाळी मास्तरांच्या बायकोने केस सोडवले. पाऊण तास लागला. एक गुंता कापावा लागला, डाव्या बाजूला. दिसेल तुला.

उद्याचं मी असं मांडून ठेवलंय, तुझ्या हाती पडेल तोवर निम्मं होऊन गेलेलं असेल. तुझी बस नऊ पाचला पोचते. स्टँडवरून दवाखाना चालत बारा मिनिटं. मी सव्वादहाला दारात असेन, मास्तर सोबत येतील आणि तू दिसलीस की परत जातील. साडेदहाला मला एकटीला आत बोलावतील, दहा मिनिटं, मग तुला. त्या तुला तुझ्याबद्दलही विचारतील, मी त्यांना सांगून ठेवलंय. सांगायचं नसेल तर नको सांगूस. मोठं औषध उद्यापासून सुरू, पहिली गोळी जेवणानंतर. पहिले दहा-पंधरा दिवस काही फरक वाटणार नाही, उलट मळमळेल, असं डॉक्टरबाईंनी आधीच बजावलंय. झोप त्याच्याही नंतर येईल.

घराच्या किल्लीची दुसरी प्रत करून घेतलीय, ती या पाकिटात आहे. खाटही अजून धरलेली आहे, सिस्टरला मी नाही म्हणून कळवलेलं नाही. तू थांबलीस तर घरी, नाही थांबलीस तर तिथे. उद्या मी दोन्हींपैकी कुठेतरी झोपायला जाणार आहे.

तुझ्या गावाची शेवटची बस सात चाळीसला सुटते. तोवर मी काही विचारणार नाही.

धाकटी